एकशे एक्केचाळिसावं पान

वैजयंती लेंडे जिना चढून वर आली तेव्हा सोपानच्या तोंडात अख्खा वडा होता. अशिलासमोर असं बसणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं तो घाईनं गिळला आणि पुढची दोन मिनिटं ठसक्यात घालवली.

"सोपानदादा, पाणी पी," उज्ज्वला म्हणाली. "बाई, तुम्ही बोला."

उज्ज्वला हिंगे बारा वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे उघडे पाडायची. आता मंचरला तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. तिचा चुलतभाऊ सोपान एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. डोकं उज्ज्वलाचं आणि स्टिअरिंग आपलं, ही वाटणी त्याला मनापासून मान्य होती. फक्त मधूनमधून तो स्वतःचं डोकंही चालवून बघायचा.

वैजयंतीनं टेबलावर चार पुस्तकं ठेवली. चारही सारखीच. 'गंगाबाईची चौकी : भाग सातवा'. नाणेघाटातल्या जकातचौकीवरची एक विधवा जुन्या काळातले खून उलगडते, अशी ती मालिका. लिहायची वैजयंती, छापून घ्यायची वैजयंती आणि जत्रांमधून विकायचीही वैजयंतीच. एरवी ती पिंपळवंडीला शिक्षिका होती.

"चारशे प्रती आहेत," ती म्हणाली. "प्रत्येकीतलं एक पान कापलंय."

"शेवटचं!" सोपान म्हणाला. "खुनी कोण ते कळू नये म्हणून."

"नाही. मधलं. एकशे एक्केचाळीस-बेचाळीस."

सोपानचा चेहरा पडला. रहस्यकथेतलं मधलंच पान कापण्यात कुणाला काय मिळणार?

"काय होतं त्यावर?" उज्ज्वलानं विचारलं.

"विहिरीत एक माणूस मरतो. अंगावर मोट पडते, तिचा दोर, म्हणजे नाडा, तुटलेला सापडतो. त्या पानावर गंगाबाईला शंका येते की मोट आधी सोडली आणि नाडा मागून तोडला. पण पुढच्याच पानावर ती शंका सोडून देते. शेवटी निघतो तो विषप्रयोग."

"म्हणजे चुकीचा तर्क कापला आणि खरा शेवट ठेवला." उज्ज्वलानं एक प्रत उचलली. "तीनशे पानांतलं मधलं एक पान नाही, हे तुमच्या ध्यानात कसं आलं?"

"चाळताना."

उज्ज्वला तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिनं पुस्तक खिडकीपाशी नेलं. कापलेल्या पानाच्या पुढच्या पानावर, शिवणीलगत दोन बारीक रेघा होत्या. एकमेकींना समांतर, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं अंतर.

"पेन्सिलीच्या हायेत," सोपान म्हणाला.

"पात्याच्या आहेत. चारही प्रतींत."

पुस्तकं सोमवारी छापखान्यातून आली होती आणि सयाजीकाकांच्या कांदा साठवायच्या बराखीत ठेवली होती. नवा कांदा अजून शेतातच होता, त्यामुळे बराख रिकामी. तिला कुलूप कुणीच लावत नसे. बुधवारी पान गेल्याचं कळलं. रविवारी प्रकाशन. वैजयंतीनं अजून कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"छापण्याआधी हे कुणी वाचलं होतं?"

"कच्च्या प्रती तिघांकडे होत्या. छापखान्याचे रामनाथ. भावकीतले गेणभाऊ, मी घराण्याची बदनामी करते म्हणून ते आधी तपासून मागतात. आणि सयाजीकाका. माझे सख्खे चुलते, त्यांनीच मला सांभाळलं. ते मात्र वाचत नाहीत, डोळ्यांचं कारण सांगतात."

"पान परत छापून चिकटवता येईल," सोपान समजुतीनं म्हणाला.

"मला पुस्तकं नकोत," वैजयंती म्हणाली. "मला तो माणूस हवाय."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, पण सोपानच्या अंगावर काटा आला.

गाडीत बसताना उज्ज्वलानं त्याला बजावलं, "तिघांनाही एवढंच सांगायचं की एक पान कापलंय. कुठलं ते आपण बोलायचं नाही. जीभ आवर."

रामनाथचा छापखाना मंचरातच होता. बातमी ऐकून त्यानं कपाळावर हात मारला.

"शेवटचं पान कापलं? अरे देवा! आता लोक मलाच शिव्या घालणार." मग तो जरा कडू हसला. "पुढचं पुस्तक बाई पुण्याला छापणार आहेत, ठाऊक आहे मला. राग आहेच. पण मला पान घालवायचं असतं तर बांधणीच्या आधीच काढून ठेवलं असतं. हे मशीन बघा, पाचशे कागद एका दणक्यात कापतं. एकेक प्रत उघडत कोण बसेल?"

पिंपळवंडीला गेणभाऊ कांद्याच्या वाफ्यात पाणी धरून उभे होते. सत्तरीचे, आवाज मात्र पहिलवानाचा.

"कापलं? लई झ्याक झालं! शेवट कापला आसंल, म्हंजे कुनी इकतच घेनार न्हाई. पन म्या आसतो ना, तर चारशेच्या चारशे पेटवून दिली आसती."

"एवढा राग?"

"मंग? दर टायमाला इहीर, दर टायमाला भावकी. लोक आमच्याकडं बगून हसत्यात." त्यांनी फावडं रोवलं. "तिचा बाप कुशाबा इहिरीतच गेला, एकोनीस वर्सं झाली. गाळ काढायचं काम चाललं व्हतं. वर बहिरूची यारी, इंजिनावं गाळ वढती ती. भरल्याली बादली वर टांगून, खिट्टी मारून बहिरू भाकरीला गेला. दोर तुटला आन् बादली कुशाबाच्या डोक्यात. बहिरू डोंगरातला गरीब मानूस. लोकांनी त्याच्यावं खापर फोडलं, धंदाच बसला त्याचा."

"विहीर कुणाची?"

"तिगांची. मी, कुशाबा, सयाजी. दोन-दोन दिस पान्याची पाळी. कुशाबा गेला, त्याची पाळी सयाजीकडं गेली. त्यानं पोरीला संभाळलं, मंग कोन काय बोलनार? चार दिसाच्या पान्यावं त्याची द्राक्षं हुबी ऱ्हायली. आमी आपलं कांदंच करतोय."

सयाजीकाकांची बाग बघून सोपान हरखला. घड नुसते लोंबत होते. काका हसतमुख, धुवट कपड्यातले.

"या पावणं. बसा. साळू, च्या टाक."

सोपान एका खोडापाशी वाकला. सालीची अंगठीएवढी पट्टी अगदी सारखी सोलून काढलेली होती. "ही कशापायी, काका?"

"गर्डलिंग म्हनत्यात. वरचा रस खाली जात न्हाई, मनी फुगतो. दोन पात्यांची सुरी असती, एका फेऱ्यात दोनी कडा कापती."

उज्ज्वलानं पान कापल्याचं सांगितलं. काकांनी मान हलवली.

"पोर लई कष्ट करती हो. पन एका पानानं काय व्हतंय? शेवट शाबूत हाय, वाचनाऱ्याला गोष्ट कळतीय. रविवारचा कार्यक्रम करून टाकू. मलाच परमुख पावना केलाय तिनं."

"तुम्ही वाचता का तिची पुस्तकं?"

"डोळं कुठं ऱ्हायल्यात आता!"

काकांच्या पत्नी साळुबाई चहा घेऊन आल्या. "दुपारचं पुस्तक छातीवं घेतल्याबिगर झोप येत न्हाई की यान्ला," त्या म्हणाल्या.

"पेपर गं, पेपर," काका म्हणाले.

"कुशाबा गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" उज्ज्वलानं सहज विचारावं तसं विचारलं.

"नारायणगावला, टमाटू घिऊन. हिला इचारा."

सोपानचा चहा अर्धा प्यायचा राहिला होता, तरी साळुबाईंनी कप उचलून नेला. सोपानला त्याचं वाईट वाटलं, कारण चहा चांगला होता.

"गेणभाऊ," गाडी सुरू करत तो ठामपणे म्हणाला. "पेटवून देतो म्हनला की!"

"म्हणूनच ते नाहीत," उज्ज्वला म्हणाली.

शनिवारी सकाळी त्यांनी शाळेच्या पटांगणात वैजयंतीला गाठलं. उज्ज्वलाच्या हातात मालिकेचे आधीचे सहाही भाग होते.

"दोन दिवसांत सगळे वाचले. प्रत्येक भागात एक माणूस विहिरीत मरतो. एकदा ढकललेला, एकदा साप सोडलेला, एकदा पायरी ढिली केलेली. बाई, तुम्ही पुस्तक चाळत नव्हता. तुम्ही नेमकं ते पान बघायला गेलात. गळाला काही लागलंय का ते बघायला."

वैजयंतीनं खो-खो खेळणाऱ्या मुलांना पलीकडे पिटाळलं.

"पोलिसांनी अपघात म्हणून लिहिलं," ती म्हणाली. "मी पंधरा वर्षांची होते. बापाचं डोकं बघितलं आणि ठरवलं, ज्यानं हे केलं त्याला सोडायचं नाही. पण कसं केलं, तेच माहीत नव्हतं. मग एकेक रीत लिहीत गेले. म्हटलं, खरी रीत लिहिली की तो हलेल. सहा पुस्तकं गेली, कुणी हूं की चूं केलं नाही. पहिल्या पुस्तकापासून चौदा वर्षं मी वाट बघितली."

"आता हललाय. नाव सांगू?"

"आत्ता नको. उद्या, चारचौघांत सांगा. माझ्या बापाचा खून चारचौघांतच अपघात ठरला होता. मला त्याचं तोंड बघायचंय."

रविवारी दहा वाजता देवळाचा सभामंडप भरला. सयाजीकाका फेटा बांधून मध्यभागी बसले होते, खांद्यावर सत्काराची शाल. गेणभाऊ आणि रामनाथ पुढच्या रांगेत. मागं खांबाला टेकून एक म्हातारा अंग चोरून उभा होता. वैजयंतीनं बहिरूला मुद्दाम गाडी पाठवून आणवलं होतं.

उज्ज्वलानं माइक घेतला आणि कापलेल्या पानावर काय होतं ते आधी सांगितलं. मंडपात कुजबुज सुरू झाली.

"ज्यांना पुस्तक बंद पाडायचं असतं, ते गेणभाऊ म्हणाले तसं पेटवून देतात. ज्यांच्याकडे यंत्र असतं, ते रामनाथभाऊंसारखे बांधणीआधीच कागद काढतात. या माणसाला दोन्ही नको होतं. पान गेल्याचं कुणाला कळूच नये, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून शेवटाला हात न लावता, एकेक प्रत उघडून, त्यानं मधलं पान काढलं.

"आम्ही तिघांना फक्त 'पान कापलंय' असं सांगितलं. रहस्यकथा म्हटल्यावर रामनाथभाऊंना शेवटचं पान वाटलं. गेणभाऊंनाही तेच वाटलं. माझ्या भावालाही."

सोपाननं मान खाली घातली.

"एकच माणूस म्हणाला, शेवट शाबूत आहे. प्रती न बघता त्याला ते कसं कळलं? डोळे गेलेत म्हणणारा हा माणूस दुपारी पुस्तक छातीवर घेऊन झोपतो, हे घरच्यांनीच सांगितलं. आणि प्रत्येक प्रतीत दोन समांतर रेघा उमटल्यात, दोन पात्यांच्या सुरीच्या. गेणभाऊ कांदा करतात, रामनाथभाऊ छापतात. तिघांत द्राक्षबाग एकाचीच आहे."

सगळ्या माना वळल्या. काका हसले, पण त्यांचा हात फेट्याकडे गेला आणि उगाचच परत आला.

"बरं, कापलं. मीच कापलं. घरान्याची अब्रू चालली व्हती म्हनून कापलं. त्यात गुन्हा काय झाला?"

"अब्रू तर सातही पुस्तकांत जात होती, काका," उज्ज्वला म्हणाली. "सहा भागांत तुम्ही एका शब्दाला हात लावला नाही. सातव्यात मोट आधी सोडली आणि नाडा मागून तोडला, तेवढंच पान काढलंत. बाकी सगळ्यांसाठी तो गंगाबाईचा चुकलेला तर्क होता. तो बरोबर आहे हे लिहिणारीलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त खिट्टी काढणाऱ्यालाच ठाऊक होतं. आणि कुशाबा गेल्यावर पाण्याचे दोन दिवस कुणाकडे गेले, ते इथं सगळ्यांना माहीत आहे."

"पुरावा?" काका ओरडले. "मी नारायणगावला व्हतो! साळू, सांग की!"

साळुबाई बायकांच्या बाजूनं उठल्या.

"न्हवता तुमी नारायणगावला," त्या म्हणाल्या. "मी भाकरी घिऊन इहिरीवं आले तवा बादली पडल्याली व्हती. आन् तुमी दोर तोडीत व्हता. मला म्हनला, बोललीस तर तू बी खाली जाशील. एकोनीस वर्सं या पोरीला जेवाय वाढताना माझा घास घशाखाली उतरला न्हाई."

सोपाननं बाहेर जाऊन पोलीस ठाण्याला फोन लावला. परत आला तेव्हा वैजयंती काकांच्या समोर उभी होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. तिनं त्यांच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली, मागच्या खांबापाशी गेली आणि ती बहिरूच्या अंगावर घातली. म्हातारा हात जोडून तसाच उभा राहिला. ती परत फिरली.

"वैजू," काका पुटपुटले. "तुला लेकीसारखी वाढवली गं मी."

"हो काका," ती म्हणाली. "म्हणून तर सात पुस्तकं लागली. नाहीतर पहिल्यातच तुमचं नाव लिहिलं असतं."