दहाचा उंचवटा

सकाळचे दहा वाजले की कुमुदिनीबाई हातातलं काम टाकून फोन उघडत. त्या शनिवारीही त्यांनी निम्मीच मोडलेली गवार तशीच ताटात ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लेकीला हाक मारली.

"केतकी, माझा आला बघ. तुझा?"

"येतोय. तुझ्याइतकी घाई नाही त्याला."

"बापाच्या वळणावर गेलाय. त्यांनाही दहाच्या आत जाग यायची नाही."

दोघींच्या गळ्याखाली रुपयाएवढी कंठपट्टी चिकटवलेली होती. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. टोचलेल्या कळतही नसत. कातडीखालच्या द्रवात थायरॉइडचं संप्रेरक किती आहे ते ही पट्टी तासातासाला मोजायची आणि फोनवर रेघ काढायची. पूर्वी महिन्या-दीड महिन्याने रक्त तपासायचं आणि मधले दिवस अंदाजावर काढायचे. आता सकाळी साडेसहाला घेतलेली गोळी अंगात उतरली की दहाच्या सुमाराला रेघेला छोटासा उंचवटा येई. फलटणच्या या घरात त्याला 'दहाचा' असंच नाव पडलं होतं.

केतकीला चौदावा आठवडा लागला होता. याआधी तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा दहावा आठवडा दिसला नाही. थायरॉइड कमी असण्याचा आजार तिला आईकडूनच आलेला. सुरुवातीचे महिने पोटातलं बाळ आईच्या संप्रेरकावरच वाढतं, म्हणून गोळीची मात्रा वाढवावी लागते. ती दर वेळी वाढवली होती. तरी रक्ताचे आकडे जागचे हलले नव्हते.

घोळ एका वाटीत होता.

कुमुदिनीबाई एकतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होत्या. लोहाच्या गोळ्या नुसत्या वाटून त्या कधी थांबल्या नाहीत. बायकांना समोर गिळायला लावत आणि तोंड उघडून दाखवायला सांगत. त्यांच्या धाकाने वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी बाळंतिणी सुखरूप घरी गेल्या होत्या. दिवस राहिले की नवरा समीर पुण्यात नोकरीवर आणि केतकी माहेरी, असा शिरस्ता पडला, तेव्हा लेकीची एकही गोळी चुकू नये म्हणून त्यांनी सगळ्या एका वाटीत काढायला सुरुवात केली. थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची. वरून पेलाभर दूध. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, पुढे जाऊ देत नाहीत, हे त्यांच्या शिक्षणाच्या काळात कुणी सांगितलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी, तिसऱ्या खेपेनंतर केतकी माहेरीच राहिली आणि वाटीही चालूच राहिली, तेव्हा तिच्या डॉक्टर शबाना मुजावर यांनी कंठपट्टीच्या चाचणीत तिचं नाव घातलं. महिना झाला तरी तिच्या रेघेवर उंचवटा म्हणून आला नाही. औषधातच खोट असेल, असं सगळ्यांना वाटलं. कुमुदिनीबाई दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःसाठी एक पट्टी मागून आल्या. चाळीस दिवस त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. दहा दिवस गोळी एकटी, दहा दिवस वाटीतली. पुन्हा एकटी, पुन्हा वाटीतली. वाटीच्या दिवसांत रेघ पाटीसारखी सपाट. एक्केचाळिसाव्या दिवशी त्या दवाखान्यात गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, औषध चांगलं आहे. नर्स चुकली."

तेव्हापासून या घरात थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर पाण्याशी, कॅल्शियम दुपारी आणि लोह संध्याकाळी.

"तुझा आला की," फोनवर वाकत कुमुदिनीबाई म्हणाल्या. "छान टेकाड झालंय. जरंडेश्वराचा डोंगर म्हणावा असं."

"आई, सोळा तारखेचं भाषण लिहिलंस का?"

"लिहिलंय. मुजावर मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं. माझं चारच मिनिटांत संपतंय."

"साठ नर्सांसमोर स्वतःची चूक सांगणार तू. हसतील."

"हसू देत. हसलेलं लक्षात राहतं." त्यांनी पुन्हा गवार जवळ ओढली. एका शेंगेची शीर सावकाश काढत म्हणाल्या, "तीन लेकरं गेली गं माझ्या हातून."

"असं बोलू नकोस."

एवढंच केतकी म्हणाली. तिला आणखी बोलायचं होतं. पहिल्या खेपेला तिने औषधाच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी वाचली होती. लोह आणि कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर ठेवा, असं त्यात स्पष्ट छापलं होतं. आईला माहीत असेलच, असं तेव्हा तिला वाटलं. दुसऱ्या खेपेला तसं वाटत नव्हतं, तरी तिने वाटी उचलली. ज्या बाईसमोर आख्खा तालुका तोंड उघडून दाखवायचा, तिला शिकवणार कोण? उद्या सांगू, असं तिने त्या शनिवारी ठरवलं. शेंगा मोडून झाल्या, भाजी फोडणीला पडली.

रविवारी पहाटे कुमुदिनीबाई उठल्या नाहीत. मेंदूतली रक्तवाहिनी झोपेतच फुटली होती.

दिवसकार्य संपेपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. सहाव्या दिवशी त्या गर्दीत डॉ. मुजावरांचा फोन आला.

"केतकी, काल आणि परवा तुमची रेघ इथे सपाट दिसतेय. अशा वेळी बोलते म्हणून रागावू नका."

"राहिली घ्यायची. लक्षातच नाही."

"आज घेतलीत?"

"नाही."

"सिस्टर असत्या तर काय केलं असतं?"

केतकीला आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. "तोंड उघडायला लावलं असतं."

"मग उघडा. मी फोन धरून आहे."

तिने गोळी घेतली. तीन तासांनी रेघ वर सरकली. आईने स्वतःच्या अंगावर चाळीस दिवस काढले नसते, तर या टेकाडाचा अर्थ कुणालाच लागला नसता, हे तिच्या मनात आलं आणि ती पाहुण्यांसमोरच रडली. समीरने तिच्या पाठीवर हात ठेवला.

सोळा तारखेला आईचा कागद वाचायला ती स्वतःहून गेली. सभागृहात शिरण्याआधी तिने डॉ. मुजावरांना विचारलं, "तिन्ही वेळा यामुळेच झालं का?"

"असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "गर्भ न टिकण्याची कारणं बरीच असतात, कधी सापडतही नाहीत. थायरॉइड कमी राहिलं की धोका वाढतो, एवढं नक्की. यापुढचीही हमी मी देत नाही. पण आता आपण आंधळेपणाने चालत नाही, हे तुमच्या आईंमुळे."

सभागृहात साठ नर्सा होत्या. बऱ्याच जणींनी आईबरोबर काम केलेलं. केतकीने कागद उलगडून वाचायला सुरुवात केली. आईचं लिहिणं बोलण्यासारखंच होतं. मध्ये दोनदा हशाही झाला. शेवटची ओळ होती, 'ही चूक माझी एकटीची आहे.'

ती ओळ तिने मनात वाचली आणि कागद खाली ठेवला.

"हे शेवटचं वाक्य खरं नाही," ती म्हणाली. आवाज फुटला तेव्हा तिलाच तो अनोळखी वाटला. "चार तासांचं अंतर ठेवा, हे मी पहिल्याच खेपेला वाचलं होतं. मला माहीत होतं, आई. मी तुला घाबरले, म्हणून बोलले नाही. तू एकटी चुकली नव्हतीस. आणि आज माझ्या पोटात सतरा आठवड्यांचं बाळ आहे, ते तू चूक सांगायला घाबरली नाहीस म्हणून."

पहिल्या रांगेतल्या एका वयस्क नर्सने चष्मा काढून पदराने पुसला.

केतकीने गळ्याखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ताईंनो, गोळी अंगी लागली की नाही, ते हिला कळतं. पण तुमच्यासमोर बसलेल्या बाईला काही माहीत असूनही ती गप्प बसली असेल, तर ते तिला कोण विचारणार?"