दगड ढकलून पाहायचं काम

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी दुपारी मी माझं नेहमीचंच काम करत होते. थडग्यांचे दगड ढकलून पाहायचं. दोन्ही तळवे दगडाला टेकायचे, अंगाचा भार द्यायचा. हलला तर पिवळी फीत बांधायची, म्हणजे नंतर पाथरवट येऊन तो पक्का करतो. उत्तर लंडनमधल्या आमच्या टेकडीवर असे हजारो दगड आहेत, आणि त्यांच्याखालच्यांपैकी एकानेही मला आजवर ‘कॉलेज का सोडलंस’ असं विचारलेलं नाही. मेलेली माणसं जिवंत माणसांपेक्षा बरी.

जिवंतांत सगळ्यात वाईट माझे आजोबा. क्लिफर्ड टॅप्सेल, दफनबागेच्या स्वयंसेवकांचे अध्यक्ष. दर रविवारी लोकांना फिरवायचे आणि तेच ते सांगायचे. शहरातली चर्चची आवारं मढ्यांनी इतकी भरली की विहिरींच्या पाण्याला वास यायला लागला, म्हणून वेशीबाहेर या बागा केल्या. लोक डबे घेऊन इथे सहलीला यायचे. तुटका खांब म्हणजे अकाली गेलेला. उलटी मशाल म्हणजे विझलेला जीव. आयव्हीची वेल म्हणजे आठवण. मी म्हणायचे, आयव्ही म्हणजे दगड पोखरणारं तण. आठवणही तशीच म्हणा.

उलटी मशाल कोरलेला दगड यू नावाच्या काळ्या झाडांखाली होता. दीड पुरुष उंच, एकसंध, तळाचा भाग मातीत गाडलेला. साल १८६८, नाव झिजून गेलेलं. धुकं उतरलं होतं. कुजक्या पानांचा आणि कोल्ह्याच्या मुताचा वास येत होता. मी मागून तळवे टेकले, ढकललं. दगड वाटेच्या बाजूला चार बोटं झुकला... आणि परत आला. सावकाश. दार लोटावं आणि आतून कुणीतरी तितक्याच हळू ते परत लावून घ्यावं, तसा.

मी वळसा घालून पाहिलं. पुढे कुणी नव्हतं. पक्षीही ओरडत नव्हते.

मी पिवळी फीत बांधायला घेतली. गाठ बसते न बसते तोच आजोबा आठ पाहुणे घेऊन आले.

“ही काय सर्कस लावलीस?”

“आजोबा, दगड सुटलाय. लांब थांबा.”

“दीडशे वर्षं उभा आहे तो. तू एका कॉलेजात दीड वर्ष उभी राहिली नाहीस.” पाहुणे हसले. “ही माझी नात, टॅम्सिन. घरी परत आलेली इंजिनिअर.”

“तुम्ही मेलात तर मी खांदा देणार नाही, सांगून ठेवते.”

“नकोच. पाडशील.”

आणि त्यांनी फीत तोडली. पायथ्याशी पसरलेल्या आयव्हीच्या वेलीत पाय रोवून दगडासमोर उभे राहिले, मशाल दाखवायला काठीने तिच्यावर ठकठक केलं. म्हातारपणात अक्कल येते म्हणणाऱ्याला मी इथे आणून उभं करीन.

दगड निघाला.

आवाज झाला नाही. फक्त धुकं हललं. आजोबा मागे सरायला गेले आणि आडवे झाले; वेलीने घोटा धरून ठेवला होता. मी पुढे धावले, दोन्ही हात लावले. एक टनाचा दगड. माझ्या हातांत तेवढी ताकद नाही, हे मला पहिल्या क्षणालाच कळलं.

“टॅम... पाय...”

“ओढा त्यांना! कुणीतरी ओढा!”

दगड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला होता. माझ्या तळव्यांवर भार नव्हता. जवळजवळ काहीच नव्हता. खालून, मातीतून, कुणीतरी दात आवळून श्वास रोखावा तसा एक बारीक आवाज येत होता... माझा नव्हता तो.

पाहुण्यांतल्या लाल टोपीवाल्या एका बाईंनी आजोबांची कॉलर धरून त्यांना खेचलं. बूट वेलीतच राहिला. मी उडी मारून बाजूला झाले, आणि मगच तो पडला. टेकडी हादरली.

आजोबा एका पायात नुसता मोजा घालून ओल्या गवतात बसले होते आणि लहान मुलासारखे हुंदके देत होते. मी त्यांच्या शेजारी बसले. मला हसू येत होतं, थांबतच नव्हतं. म्हातारा जिवंत होता. गेल्या दोन वर्षांत छाती इतकी मोकळी झाली नव्हती.

“तू धरलास गं तो,” ते म्हणाले.

“नाही, आजोबा.”

पहिल्यांदाच त्यांनी वाद घातला नाही. बाईंनी थर्मासमधला चहा दिला, तो आम्ही एकाच झाकणातून प्यायलो.

मंगळवारी पाथरवट आला, डेन्झिल. दगड पालथा पडला होता. इतकी वर्षं मातीत असलेला तळ उघडा होता. डेन्झिलने त्यावरचा चिखल पुसला. तिथे दोन खळगे होते. तळव्यांचे, दहा बोटांसकट. जुन्या जिन्याच्या पायऱ्या झिजतात तसे गुळगुळीत.

“छिन्नीचं काम नाही हे,” तो म्हणाला. “टेकून टेकून झालंय.”

मी माझा हात त्यात ठेवून पाहिला नाही.

डेन्झिलने रिकाम्या खड्ड्यात डोकावलं, मग दोन पावलं मागे आला.

“दगड तर आता आडवा पडलाय,” तो हळूच म्हणाला. “मग ते हात... सध्या कशाला धरून आहेत?”