हलक्या हाताचा माणूस

“आधी गिटारची मान बघ, मग माणसाचं तोंड,” बाबा सांगायचे. “तोंड काय, काहीही सांगतं.”

म्हणून त्या सकाळी आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर एक तपकिरी पेटी उघडली गेली, तेव्हा मी वर पाहिलंच नाही. बाबांचा एक डोळा गेला होता, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकायची वाट बघायची होती. त्यामुळे गिटारी बघणं आता माझ्याकडे.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. तार दाबून दाबून त्यांवर खळगे पडतात. बहुतेकांचे पहिल्या तीन फ्रेटवर, कारण त्यांचा सगळा संसार तेवढ्यातच चालतो. या गिटारवर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच, पुसटशी झीज होती. खळगा एकही नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं या मानेवर सगळीकडे हिंडलं होतं… आणि कुठेच जोर केला नव्हता.

मग मी वर पाहिलं. उंच, जरासा वाकलेला, कोटाचं एक बटण तुटलेलं.

गिटार कधी मिळेल, असं त्यानं विचारलं. रोज सकाळच्या प्रार्थनेपासून बारापर्यंत माझं मौन असे, म्हणून मी चिठ्ठीवर ‘शुक्रवार’ लिहून दिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. मग हातवारे करत, एकेक शब्द सुटा करत तो विचारायला लागला, की तारा… नव्या… घालणार का.

आतून बाबा म्हणाले, “ऐकू येतं तिला. बारापर्यंत मौन असतं. बारानंतर या, मग तुम्हालाच बोलायला जागा मिळायची नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यामागे तोंड लपवलं.

शुक्रवारी तो पावणेबाराला आला आणि स्टुलावर बसून तारा जुळवता जुळवता वाजवू लागला. मी खूप वादक ऐकले होते. बोटांची कसरत दाखवणारे तर आठवड्याला दोन यायचे. हा एक जुनी, सगळ्यांच्या ओळखीची चाल घेऊन बसला. पण ती वाजवतच नव्हता. तिच्या कडेकडेनं जायचा, मध्येच थांबायचा, आणि त्या थांबण्यात ती चाल माझी मलाच ऐकू यायची. अंगठा खालचे सूर सांभाळत होता, बोटं वरचे. एका माणसाचे दोन हात आहेत हे मला पुन्हा पुन्हा मोजून बघावंसं वाटलं.

घड्याळात बारा वाजले. मी म्हणाले, “आणखी.”

त्यानंतर त्याच्या गिटारला दर आठवड्याला नवं दुखणं जडायला लागलं. कधी स्क्रू सैल, कधी तार करकरते. इतकं तब्येतीनं धडधाकट वाद्य आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं बाबा त्याच्या तोंडावर म्हणाले. तरी तो यायचा, पावणेबारालाच.

एका रविवारी दुपारी तो ज्या हॉटेलात जॅझ वाजवायचा तिथे मी आणि बाबा गेलो. चमच्यांच्या आवाजात कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्यासोबत बास, म्हणजे माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणारे काका होते, चांगले सत्तरीचे. एका चालीत त्यांची अख्खी ओळ गाळली गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि यानं, पापणीही न हलवता, आपलीही ती ओळ सोडून दिली. दोन सूर असे टाकले, की तिथे उडी मारायची असं आधीपासूनच ठरलं होतं जणू. लोक खात राहिले. बाबांनी कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला मी म्हणाले, “काल तुम्ही एक ओळ गाळलीत.”

“मी? कुठे?”

“जिथे काका घसरले तिथेच. अगदी शेजारी.”

त्यानं हातातली पेटी खाली टेकवली. “पंधरा वर्षं वाजवतोय,” तो हळूच म्हणाला. “आजवर हे कुणी पकडलं नव्हतं.”

त्या दिवशी गिटारला कसलंही दुखणं नव्हतं. पेटी न उघडताच गेला.

पावसाळा सरता सरता त्याला दूरच्या शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात काम मिळालं. निघायच्या सकाळी तो नऊला आला. दोन शब्दांत विचारलं, “येशील बरोबर?” पहिल्यांदाच एकेरीत.

आत बाबा चाचपडत स्क्रू शोधत होते. मी चिठ्ठी ओढली. ‘बाबांना सोडून नाही,’ इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. तो वाट बघत उभा. मग लिहिलं, ‘फ्रेट झिजले की कुणाला हात लावू देऊ नका. मी येईन. वचन.’

त्यानं वाचलं. हसला, पण डोळे भरलेले होते. “या हातानं फ्रेट झिजायला दहा वर्षं लागतील गं… आता जोर लावून वाजवायला शिकू का?”

मी मान हलवून नाही म्हणाले. तसं वाजवणं त्याला जमलंही नसतं.

त्याची पत्रं यायची, माझी जायची. दरम्यान बाबांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मी वाळले म्हणून रागावले.

चौदाव्या महिन्यात एक कार्ड आलं. त्यावर एवढंच, ‘फ्रेट पार झिजले. वाजवता येत नाही.’

बाबांनी ते उजेडात नेऊन दोनदा वाचलं. “सव्वा वर्षात? त्या हातानं?” ते म्हणाले. “थाप आहे ही.”

“कळलंय मला.”

“मग उभी का? दुकान मी बघतो. मला आता स्क्रूची खाचसुद्धा दिसते.”

त्या संध्याकाळी मी कानस, छोटी हातोडी आणि नव्या फ्रेटची तार मऊ कापडात गुंडाळली. काम असो नसो, सांगितलं होतं तसंच जायचं. पहिली गाडी सकाळी साडेसहाची होती. प्रार्थना आटोपली, बाबा गाढ झोपले होते. चपला हातात घेऊन मी जिना उतरले.