तोंडी परीक्षेचा जोडीदार

गाडी रद्द झाली होती. म्हणजे भोंग्यातून तसंच काहीतरी सांगितलं असावं, कारण फलाटावरची सगळी माणसं सुस्कारे टाकत निघून गेली आणि मी एकटीच उरले. जर्मनीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. इतके दिवस घोकलेली भाषा नेमकी गरजेच्या वेळी घशात अडकून बसली होती.

"आता काय करावं बाप्पा..." मागून कुणीतरी पुटपुटलं.

मी गर्रकन वळले. काळी टोपी, लाल झालेलं नाक, आणि खांद्यावर माझ्यासारखीच भाषाशाळेची पिशवी.

"तुम्ही... मराठी?"

"लातूर!" जसं काही तो वेगळा देशच आहे. "मी आनंदराज. तुम्ही?"

"दामिनी. नायगावची. नांदेड जिल्हा."

"नांदेड का..." तो मिश्कील हसला. "असू द्या. चालतंय."

असू द्या? एवढ्या परक्या मुलखात एकुलता एक मराठी माणूस भेटावा, आणि तो नेमका नांदेडला नाक मुरडणारा लातूरकर! मला राग आला. पण जिवात जीव आला, हेही खरं.

आम्ही दोघं एकाच रुग्णालयात नर्सिंग शिकणार होतो. त्याआधी भाषेची परीक्षा होती. पास झालो तर शिक्षण सुरू, नाहीतर व्हिसा संपला की सरळ घरी. लिहायला मला सगळं यायचं, पण भाषाशाळेतल्या बाईंनी बोलायला सांगितलं की दातखीळ बसायची. आनंदराज मात्र धडाधड चुका करत बिनधास्त बोलायचा.

"खामखा कशाला घाबरायलीस?" तो विचारायचा. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं.

"तुला काय जातंय बोलायला!"

संध्याकाळी परतताना बोचरा वारा सुटला की तो काही न बोलता वाऱ्याच्या बाजूला यायचा. मी तिरक्या नजरेनं बघायचे, तो नेमका तेव्हाच बघत असायचा... आणि मग दोघंही उगाच ट्रामचे रूळ न्याहाळायचो. मला कळत होतं सगळं. म्हणूनच जास्त भीती वाटायची. नापास झाले तर हेही जाणार होतं.

तोंडी परीक्षा जोडीनं द्यायची असते. बाईंनी आमची जोडी लावली. विषय सोपा होता – एक मैत्रीण भारतात यायची आहे, तिला कुठं न्यायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. आनंदराजनं पहिला प्रश्न विचारला. मी गप्प. त्यानं तोच प्रश्न फिरवून विचारला. मी गप्पच. समोरच्या परीक्षकानं कागदावर काहीतरी लिहिलं.

मग आनंदराज सावकाश, स्पष्ट जर्मनमध्ये म्हणाला, "लातूरला नेऊ. नांदेडला नको. तिथं बघण्यासारखं काहीच नाही."

"काहीच नाही?" मी उसळले. जर्मनमध्ये! गोदावरीचा घाट, गुरुद्वाऱ्यातला लंगर, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा... शब्द कुठून येत होते मलाच कळेना. "आणि लातूरला काय दाखवणार? शिकवणीवर्गांच्या पाट्या?"

परीक्षक खळखळून हसले. आनंदराज नुसता मान हलवत राहिला. वेळ संपली तेव्हा लक्षात आलं, त्याच्या वाट्याचंही मीच बोलले होते.

"मुद्दाम केलंस ना?" बाहेर येताच मी विचारलं.

"मंग? तसं बोललो नसतो तर तू तोंड उघडलं असतंस व्हय?"

"आन् तुझं काय?"

"बघू..." तो हसला, पण चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवसापासून मी माझ्यासाठी घाबरणं सोडलं आणि त्याच्यासाठी घाबरू लागले.

निकाल लागला तेव्हा आम्ही ट्रामच्या थांब्यावर होतो. मी पास! त्यानं आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. "तू बघ. मला न्हाई बघवत."

"थांब. आधी एक बोलते. मागून बोलले तर तुला वाटंल, कीव आली म्हणून बोलली."

"काय?"

"मला तू आवडतोस... लई."

एरवी अखंड बडबडणारा तो पोरगा टोपी काढून हातात चुरगाळत राहिला.

"आता बोल की!"

"भ्या वाटायलंय," तो कसाबसा म्हणाला. "पहिल्या दिवसापासून वाटायलंय. कवा सांगावं, तू काय म्हणशील..."

मी निकाल उघडला. लेखी पास. तोंडी – नापास.

तोंडी परीक्षा महिन्याभरानं पुन्हा देता येणार होती. तेवढे दिवस त्याला राहता येणार होतं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

"रोज संध्याकाळी बसायचं," मी म्हणाले. "आता मी गप्प राहणार, तू बोलायचंस."

"आन् पुन्हा नापास झालो तर?"

मी त्याचा गार पडलेला हात हातात घेतला.

"मलाबी भ्या वाटायलंय," मी म्हणाले. ट्राम आली, दारं उघडली, मिटली, निघून गेली. मी त्याचा हात सोडला नाही.