ओढ्यापलीकडचे हात

ही घटना खरी आहे. अशी सुरुवात असलेल्या गोष्टींवर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नाही, त्यामुळे तुम्ही ठेवाल अशी अपेक्षाही करत नाही. मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तेहतीस वर्षं एका ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवण्यात गेली. एका कानाने मला कमी ऐकू येतं आणि गोंधळून जायची सवय लहानपणापासूनची आहे.

तरीही त्या दिवशी जे दिसलं, ते दिसलं.

रविवार होता. दुपारचे सव्वाचार. रात्र नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

जागा म्हणजे डांबरी रस्ता संपतो तिथून पठारावर चढणारी कच्ची वाट. अकरा किलोमीटर. मध्ये एक ओढा, मोठमोठ्या दगडांचा.

वर पठारावर माझी मुलगी राहते. जावई तिथल्या हवामान केंद्रात नोकरीला आहे. तेव्हा तिला आठवा महिना लागला होता. बस डांबर संपतं तिथेच थांबते. पुढे चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी.

"बाबा, तुम्ही कशाला काळजी करता? केंद्राची जीप आहे की," ती फोनवर म्हणायची. ती जीप महिन्यातले दहा दिवस बंद असायची.

माझी बायको आजारी पडली, त्या पहाटे मला गाडी चालवता येत नव्हती. शेजाऱ्यांच्या दारात मी उभा होतो. बेल वाजवायचा धीर होईना. लोक झोपलेले असतील, त्रास होईल... पंधरा मिनिटं गेली असतील. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती गेली होती. ती पंधरा मिनिटं मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मुलीच्या वेळी तसं होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून एक जुनी जीप घेतली. शिकवायला दोघं होते. एक कॅप्टन. सैन्यातल्या नव्हेत; वीस वर्षं डोंगरात अ‍ॅम्ब्युलन्स चालवलेल्या बाई, पण सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. दुसरा मिस्त्री, गॅरेजवाला. तो आपल्या गाडीत दोर आणि हत्यारं घेऊन आमच्या मागून यायचा.

"काका, अंगठे बाहेर काढा!" कॅप्टन ओरडायच्या. "चाक दगडाला अडलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं. अंगठा आत राहिला तर मोडून हातात येईल."

"आणि दगड मधून कशाला घेताय? चाक चढवा त्याच्यावर. मधून घेतलात तर पोट घासेल."

"काकांना कुठलं आलंय पोट?" मागच्या गाडीतून, वॉकीटॉकीवर मिस्त्री. "पुस्तकं खाऊन कुणाचं सुटलंय का?"

सहा आठवडे झाले तरी माझी गाडी दर वीस पावलांवर बंद पडत होती.

कॅप्टनचा एक नियम होता. अवघड जागी एकानेच खाली उतरायचं, गाडीपुढे उभं राहायचं आणि हातांनी वाट दाखवायची. ड्रायव्हरने फक्त ते हात बघायचे. रस्ता बघायचा नाही.

"रस्ता बघितलात की तुम्ही घाबरता. माझे हात बघा. बाकी माझ्यावर सोडा."

आणि निघण्याआधी बॉनेटवर दोन थापा. थापा पडल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही.

त्या दिवशी ओढा कसाबसा ओलांडला. मागून येताना मिस्त्रीचीच गाडी दगडांत अडकली. कॅप्टन पोट धरून हसल्या.

"गुरुजीच नापास! काका, हँडब्रेक लावून बसा. याला ओढून काढते. दहा मिनिटं."

त्या मागे गेल्या आणि धुकं उतरलं.

डोंगरात धुकं येतंच. पण हे असं आलं, की बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. मी काच वर केली. बसून राहिलो.

मग लक्षात आलं... पाण्याचा आवाज येत नव्हता.

ओढा माझ्या मागे तीस पावलांवर होता. एवढा वेळ खळखळत होता. मी खिडकीकडचा बरा कान काचेला लावला.

काहीच नाही.

समोर पाहिलं. धुक्यात दोन हात होते.

दोन्ही हात वर. मला बोलावत होते. या... या...

कॅप्टन आल्या, असं वाटलं. पण थापा? मी ऐकल्या नसतील. वॉकीटॉकी समोरच ठेवलेला होता. विचारावं का? त्याच सकाळी त्या वैतागल्या होत्या, "काका, प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारता हो!" परत विचारायची लाज वाटली.

मी हँडब्रेक सोडला.

आणि काय सांगू... गाडी चालली! डावा हात कलला की मी डावीकडे. उजवा कलला की उजवीकडे. पुढचं चाक दगडावर अलगद चढायचं, अलगद उतरायचं. एकदाही इंजिन बंद पडलं नाही. एकदाही पोट घासलं नाही. मी गाडीत एकटाच हसत होतो.

किती वेळ गेला, कळलं नाही.

मग एक गोष्ट खटकली. कॅप्टन कातडी हातमोजे घालतात. लोखंडी दोराने हात कापतात म्हणून. जेवतानाच काढतात.

हे हात उघडे होते.

काढले असतील, मी मनाशी म्हणालो.

मग दुसरी गोष्ट. चढावर, दगडांतून, उलटं चालणारा माणूस कुठेतरी ठेचकाळतो. त्याचे हात वरखाली होतात. हे हात एकाच उंचीवर सरकत होते. पाण्यावर काही तरंगत जावं, तसे.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"काका? अहो, कुठे गेलात? गाडी दिसत नाही तुमची!"

कॅप्टनचा आवाज.

"तुमच्या मागेच आहे की," मी म्हणालो. "तुम्हीच दाखवताय ना?"

पलीकडे मिस्त्रीच्या गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. आणि पाणी. खळखळ पाणी.

"काका..." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मी ओढ्यात उभी आहे. गुडघाभर पाण्यात."

मी ब्रेक दाबला.

"समोर कोण आहे तुमच्या?"

मी उत्तर देणार, तोच यंत्र बंद पडलं. दिवाच गेला.

समोर हात होते. या... या...

मी शहाण्यासारखं वागलो असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी काय विचार केला ते सांगतो. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. नेहमी होते. आणि हे हात किती चांगलं शिकवतात! इतक्या धीराने मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नव्हतं.

माझा पाय ब्रेकवरून उचलला गेला.

गाडी वीतभर पुढे सरकली.

तेव्हा मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि पहिल्यांदाच मी नियम मोडला. हात सोडून खाली बघितलं. रस्ता कुठे आहे ते.

हातांच्या खाली पाय नव्हते. जमीनही नव्हती.

एका झाडाचा शेंडा होता.

म्हणजे झाड खाली, दरीत. आणि हात त्याच्याही वर, हवेत.

मी दोन्ही पाय ब्रेकवर दाबून हँडब्रेक खेचला. ओरडलो असेन, आठवत नाही. हात थांबले नाहीत. रागावलेही नाहीत. नवशिक्याला पुन्हा पुन्हा समजवावं, तसे शांतपणे हलत राहिले.

या... या...

धुकं विरळ झालं तेव्हा कॅप्टन धावत आल्या. हात कुठेच नव्हते. पुढचं चाक कड्यापासून हातभर अंतरावर होतं.

"उतरा काका. हळू. या बाजूने," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते मी कड्यापासून लांब येईपर्यंत सोडलं नाही.

मिस्त्री मागे चाकांच्या खुणा बघत चालत गेला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरची चेष्टा गेली होती.

"ही वाट नाहीये, काका," तो म्हणाला. "इथे वाट कधीच नव्हती. असल्या दगडांतून मलाही गाडी आणता येणार नाही. तुम्हाला कुणी आणलं?"

मी कॅप्टनकडे पाहिलं. त्या दरीकडे पाठ करून उभ्या होत्या.

"गाडी मी मागे घेते," एवढंच म्हणाल्या.

पुढे तीन आठवड्यांनी, भर दुपारी, जावयाचा फोन आला. केंद्राची जीप बंद होती. दोघं शिक्षक बाहेरगावी होते. मी एकटा गेलो. स्वच्छ ऊन होतं. ओढा ओलांडला, चढ चढलो, मुलीला मागे झोपवून खाली आणलं. वेळेत. नातू झाला. दोघं सुखरूप आहेत.

"बाबा, किती छान चालवलीत! एक धक्का लागला नाही," ती म्हणाली. "कॅप्टनना सांगायला हवं."

मी मान हलवली.

खरं तेवढं तिला सांगता आलं नाही. कॅप्टनकडून सहा आठवड्यांत मला काही जमलं नव्हतं. दगडावर चाक कसं अलगद ठेवायचं, ते मी त्या दुपारी शिकलो. त्या हातांकडून.

पुढच्या रविवारी मुलीला आणि बाळाला परत वर न्यायचं आहे. जावई म्हणाला, केंद्राची जीप दुरुस्त झाली आहे. पण मुलीला बाबाच हवेत. मी हो म्हटलं आहे. नाही म्हणायला कारण काय देऊ?

काल सरावाला अंगणातच गाडी सुरू केली. समोर भिंत होती. कुणी नव्हतं. मी ब्रेक दाबून बसलो होतो, निघायचं मनात नव्हतं.

आणि पाय हळूच... आपोआप... उचलला गेला.