वॉल्टरचा चष्मा

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मिशनचे पाद्री नागपुरात सदरमधल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात आले आणि म्हणाले, "गिरिधर, तीन आठवडे सावनेरला चल. अमेरिकेहून बारा माणसं सेवेला येऊन राहिली, दोन हजार जुने चष्मे घेऊन. नंबर काढणारा जाणता माणूस पाहिजे, अन् तुला इंग्रजीही येते." मी ख्रिस्ती नाही, देवभोळा तर मुळीच नाही. तक्त्यावर जेवढं वाचता येतं तेवढ्यावरच माझा विश्वास. पण दुकानात माशा मारण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो.

मिशनच्या शाळेतल्या एका वर्गात आमचं काम चाले. मी नंबर काढून चिठ्ठीवर लिहायचा आणि त्या बारा जणांतल्या होल्टनबाईंनी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून त्याच्या जवळपासचा चष्मा शोधायचा. बाई साठीच्या, हाडापेराने मजबूत, आपल्या उन्हाने लालबुंद झालेल्या. प्रत्येकाच्या कानामागे काड्या स्वतःच्या हाताने बसवायच्या आणि "गुड?" विचारायच्या. खेड्यातल्या म्हाताऱ्याही हसून "गुड" म्हणायच्या.

आठव्या दिवशी रुखमाबाई आली. दोन वर्षांपूर्वी तिचा मोतीबिंदू काढला होता, पण नंतरचा चष्मा काही मिळालाच नव्हता. त्या काळी मोतीबिंदू काढला की जाड भिंगाशिवाय माणूस आंधळ्यातच जमा. नंबर दहा निघाला. साऱ्या खोक्यांत त्या नंबराचा एकच चष्मा होता, काळ्या फ्रेमचा, एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. होल्टनबाईंनी तो बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

"हा वॉल्टरचा," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा. ऑक्टोबरमध्ये गेला. त्याला सूट चढवला तेव्हा चष्माही घालणार होतो, आमच्याकडे तशी रीत आहे. पण चर्चमध्ये भारतासाठी चष्मे गोळा होत होते. म्हटलं, मातीत कशाला घालायचा?"

"चांगलं केलंत," मी म्हणालो. मला ते मनापासून पटलं होतं.

रुखमाबाईने चष्मा लावला, आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग खुदकन हसली.

तीन दिवसांनी भरदुपारी ती परत आली. वर्गात मी आणि होल्टनबाईच होतो; बाकीची मंडळी बाहेर व्हरांड्यात जेवायला बसली होती. तिने पदराच्या गाठीतून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भाऊ, हा वापस घ्या."

"काहून आजी? दिसत नाही का?"

"सारं दिसते. तांदळातला खडाही दिसते. पण तो मानूस दिसते नं."

"कोणता माणूस?"

"गोरा म्हातारा. माह्या घरात एक खुर्ची नाही, पण तो खुर्च्याइले हात लावत लावत चालते. एक बोट अर्धंच हाय त्याचं."

ऑपरेशननंतर काही जणांना भास होतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून होल्टनबाईंनी विचारलं तेव्हा मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगून मोकळा झालो. आपण काय सांगतो आहोत हे त्यांचा चेहरा पाहिल्यावर कळलं.

"लाकूड कापताना गेलं होतं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी."

त्यांनी चष्मा झडप घालून उचलला, डोळ्यांवर चढवला आणि चारही भिंतींकडे पाहिलं. मग माझ्या हातात दिला. मीही लावून पाहिला. दोघांनाही नुसतं धुकं दिसलं. आमचे नंबरच वेगळे.

"तिला विचार," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे बघतो का?"

रुखमाबाईने नाइलाजाने चष्मा लावला.

"नाही वं माय. त्याले काहीच दिसत नाही. तो फळ्यापाशी भिंत चाचपून राहिला."

मी सांगितलं. होल्टनबाई मटकन बाकावर बसल्या.

"सकाळी उठला की आधी चष्मा शोधायचा. चाळीस वर्षं मीच शोधून हातात दिला." त्यांना रडू आवरेना. "आणि शेवटी मी त्याला तसाच पाठवला, गिरिधर. एकदा तरी त्याने माझ्याकडे बघावं. दुसरं काही नको मला."

मी रुखमाबाईकडे वळलो. "आजी," मी म्हणालो, "तुमच्यासाठी मी दुकानातून नवा करून आणतो. हा बाईंना द्या."

"घ्या नं. ज्याचं त्याले भेटू दे."

तिने चष्मा काढला. आता तो म्हातारा कुठे आहे, हे कोणालाच दिसत नव्हतं.

होल्टनबाई चष्मा घेऊन उठल्या. फळ्यापाशी गेल्या. काड्या उघडल्या, आणि उंच माणसाच्या चेहऱ्याएवढे हात वर नेले, दोन्ही कानांच्या मागे जावेत तसे.

मग त्यांनी हात खाली घेतले.

हात रिकामे होते.

खाली शहाबादी फरशी होती. मी आवाजाची वाट पाहत राहिलो.

बाहेर ताटं वाजत होती. आत काहीच वाजलं नाही.

रुखमाबाईने चाचपडत माझं मनगट धरलं. "पडला का, भाऊ?"



होल्टनबाईंनी कपाळावरचे केस मागे सारले. फ्रॉकची कॉलर नीट केली. त्यांची नजर फळ्यावरून सरकत खिडकीवर आली, खिडकीवरून माझ्यावर, आणि माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"गिरिधर," त्या हळूच म्हणाल्या, "जरा बाजूला हो. त्याला मी दिसत नाहीये."