ढोलाखालचं वाक्य

क्रांती गेली हे मला शिरोलीत कळलं. फाउंड्रीत भट्टीच्या आवाजात फोन ऐकू येत नव्हता, म्हणून सुपरवायझर स्वतः आत आला. त्यानं माझा हात धरला आणि मला बाहेर घेऊन गेला. "घरी जा, जोतीराम. वैनींना बरं न्हाय," तो म्हणाला. नुसतं बरं नसेल तर कोणी हात धरून सांगत नाही. मला तिथंच समजलं.

बालवाडीत पोरांना गाणं शिकवता शिकवता ती खाली बसली आणि मग उठलीच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले. मी पोचलो तेव्हा तिच्या अंगावर चादर होती. बाहेर श्रावणातला पाऊस येत होता, जात होता.

रक्षाविसर्जनाला आमच्या तालमीचा, म्हणजे गल्लीतल्या गणपती मंडळाचा, अध्यक्ष बाळासो आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वैनींचा आवाज काय होता, जोत्या! सगळ्या गल्लीनं ऐकलाय."

सगळ्या गल्लीनं ऐकला, हे खरं. एक वाक्य सोडून.

मला लिहिता येत नाही. पण आमचं जमलं ते त्या वाक्यामुळंच, म्हणून जसं आठवतं तसं सांगतो.

अठ्ठ्याण्णव साल. गणपती जवळ आले होते. आमच्या तालमीचा जिवंत देखावा असायचा. म्हणजे स्टेजवर खरी माणसं उभी राहतात, आवाज कॅसेटवर आधीच भरलेला असतो, आणि माणसांनी त्यावर फक्त तोंड हलवायचं. त्या वर्षीचा विषय होता पोटातल्या मुलींचा, ज्यांना जन्मूच देत नाहीत त्यांचा. आईचं काम करायला गल्लीतली एकही पोरगी तयार नव्हती, घरचे सोडत नव्हते. मी अंगानं बारीक. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मिशी गेली.

साडी मागायला मी गल्लीतल्या चिमणाबाईंच्या दारात गेलो. दार एका अनोळखी पोरीनं उघडलं. हाताला कणीक होती.

"साडी पायजे हुती," मी म्हणालो.

"कुणाला?"

"मला..."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मिशीच्या जागी जरा जास्तच वेळ बघितलं. "काठापदराची का साधी?"

"साधी चालंल."

"आन् पावणं, निऱ्या कोण घालणार?"

मी काही म्हणायच्या आत ती हसायला लागली. दाराला टेकून, कणकेचा हात कपाळाला लावून हसली. कपाळावर पीठ लागलं. मी ते सांगितलं नाही. मला तसंच बरं वाटत होतं.

ती क्रांती, हुपरीची. बालवाडीचा कोर्स करायला मावशीकडं, चिमणाबाईंकडं, राहिली होती. तिनं मावशीची एक जुनी साडी आणून दिली आणि सहज विचारलं, "देखावा कशावर हाय?" मी सांगितलं. तिचं हसू गेलं. माझ्या हातातली साडी तिनं परत घेतली, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं एक हिरवी साडी घेऊन आली. घडी मोडलेली नव्हती.

"ही नेसा," ती म्हणाली. "आवाज कुणाचा हाय आईला?"

"अजून मिळाला न्हाय."

"मी देते. पण त्यात एक वाक्य माझं असंल."

ते वाक्य असं होतं : "लांब कशाला जायचं? ह्याच गल्लीतल्या दवाखान्यात माझी आक्का गेली, पोटातल्या पोरीसंगं."

तिची सख्खी थोरली बहीण. हिरवी साडी तिचीच होती. दवाखाना आमच्या तालमीपासून हाकेच्या अंतरावर होता. लोकांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. मंडपाचा खर्च दरवर्षी तोच डॉक्टर उचलायचा.

कॅसेट भरली. तालमीच्या माडीवर सराव सुरू झाला. ती टेपपाशी बसायची, मी तिच्या आवाजावर तोंड हलवायचो.

"माझं वाक्य संपायच्या आधी तुमचं तोंड मिटतंय," ती म्हणायची.

"तुम्ही लई सावकाश बोलतासा."

"बाई हाय ती. दमलीया. तुमच्यागत बस पकडायला निघाली न्हाय."

"मग शिकवा की."

"माझ्याकडं बघा. टेपकडं न्हवं... माझ्या तोंडाकडं बघा."

मी बघितलं. तेव्हापासून माझं तोंड बरोबर हलायला लागलं, पण बाकीचं सगळं चुकायला लागलं.

रंगीत तालमीला डॉक्टरचा माणूस येऊन गेला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. बाळासो, मी, क्रांती. समोर डॉक्टर. मध्ये फौजदार साहेब.

"माझी बदनामी हाय ही," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं नाव कुठं घेतलंय?" क्रांती म्हणाली. "गल्ली म्हटलंय. तुम्हालाच का लागलं?"

दारातल्या हवालदाराला हसू आलं. त्यानं तोंड फिरवलं.

"ताई, गप बसा की जरा," बाळासो म्हणाला.

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त वाद नको होता. "हे बघा, मिरवणूक तोंडावर आलीय. तेवढं वाक्य काढा, विषय संपला."

"मग तसं लिहून द्या," क्रांती म्हणाली. "वाक्य काढायला लावलं म्हणून."

मग फौजदार हसला. "लिहून कशाला? आम्ही बंदी घालतोय व्हय? समजुतीनं मिटवतोय आपण."

तेव्हा मला कळलं नाही, पुढं कळलं. बंदी घातली असती तर कागद झाला असता. कागद असता तर तो घेऊन वकिलाकडं जाता आलं असतं. समजुतीचा कागद नसतो. समजूत झाली की भांडायला समोर कोणी उरतच नाही.

तोडगा बाळासोनं काढला. "तेवढ्या वाक्याच्या जागी ढोल भरू. वाक्याची जागा बी राहिली, आन् कुणाला लागलं बी न्हाय."

सगळ्यांना फार आवडलं. चहा आला. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना कप दिले. क्रांतीचा कप टेबलावर तसाच राहिला. त्यावर साय धरली.

त्याच दुपारी माडीवर कॅसेट परत भरली. तिचा आवाज पुसून त्यावर ढोल बसला. बटण बाळासोनं दाबलं. ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

"अजून एक जागा हाय," जिन्यात ती मला म्हणाली. "तुमचं तोंड. ते कुणी पुसलेलं न्हाय."

पहिल्या दिवशी दिवेलागणीनंतर गल्ली भरली. बारीक पाऊस, वर ताडपत्री, माणसं खांद्याला खांदा लावून. ढोल सुरू झाला आणि मी तोंड हलवलं. सगळं वाक्य, तिनं शिकवलं तसं, दमलेल्या बाईसारखं सावकाश. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तिला कळलं होतं.

बाळासोलाही कळलं. "तोंड का हाललं रे?"

"सवयीनं."

"उद्यापासनं तिथं लोकांकडं पाठ कर. उगं सवय नको."

मग मी पाठ करायला लागलो. लोकांना माझा अंबाडा दिसायचा. मला समोर पडदा दिसायचा, त्याच्या फटीत टेप, आणि टेपपाशी क्रांती. ढोल वाजायला लागला की मी ते वाक्य तिला म्हणायचो. नुसतं तोंड हलवून नाही, पूर्ण आवाजात, घसा ताणून. ढोलाखाली कोणाला ऐकू जाणार होतं? ती माझ्याकडं बघत राहायची. एकदा तिचे डोळे भरले, पण तिनं मान खाली घातली नाही. माझं वाक्य संपेपर्यंत बघत राहिली.

शेवटच्या दिवशी, शेवटच्या खेळाला, मी ते वाक्य म्हणून झाल्यावर अजून एक म्हणालो. ढोल तेवढा लांब होता.

खेळ संपला. मी स्टेजमागं केसांचा टोप काढत होतो. ती आली.

"शेवटी एवढं वरडून काय म्हटलासा?"

"ऐकू आलं न्हाय?"

"ढोल हुता की."

"जाऊ दे मग..."

"असं कसं जाऊ दे? परत म्हणा. बिनढोलाचं."

माझ्या अंगावर तिच्या आक्काची साडी, तोंडाला रंग, कपाळावर कुंकू. ती थांबली. घाई केली नाही. बाहेर पोरं बाकडी गोळा करत होती.

"माझ्याशी... लगीन करशील?"

"व्हय," ती म्हणाली. आणि मग, "ढोलातबी ऐकू आलतं. पण तुमच्याच तोंडनं ऐकायचं हुतं."

नऊ वर्षं संसार झाला. आम्हाला एक मुलगी आहे, हिरा. आता दुसरीत आहे. संसाराबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते माझ्याजवळ राहू दे.

तालमीनं पुढं सामाजिक विषय घेतलाच नाही. देवादिकांचे देखावे, त्यात वाद नाही. क्रांती दरवर्षी श्रावणात बाळासोकडं जायची. तो तिला बसायला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, वैनी म्हणायचा. "तोच देखावा एकदा करू. वाक्यासकट," ती म्हणायची. "बघू की वैनी, पुढच्या वर्षी," तो म्हणायचा. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर ती भांडली असती. भांडण तिला जमायचं. 'बघू'शी कसं भांडायचं हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही, मलाही नाही.

यंदाही ती जाऊन आली होती. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "औंदा त्याला सांगितलं, देखावा नको तर नको. नुसता माईक द्या मला. एक मिनिट."

"मग?"

"बघू म्हणाला."

आम्ही दोघं हसलो. त्यानंतर आठवडाभरात ती गेली.

ती गेल्यावर गणपतीत मी बाळासोकडं गेलो. माईक मागितला. तो म्हणाला, "जोत्या, आत्ता तुझी मनःस्थिती बरी न्हाय. पुढच्या वर्षी बघू." आणि आतल्या बाजूला चहा सांगितला.

दवाखाना चालू आहे. ते वाक्य त्या गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल असं अजून कोणी बोललेलं नाही.